आईनं जाळलेली टोपली

माझी सासू कोणाले काही मागत नाही. हे मी कौतुकानं सांगून राहिली असं समजू नका, कौतुक लय नंतरचं आहे. पहिले तं मले या गोष्टीचा असा वैताग होता का काही विचारू नका. भाजीत मीठ कमी असलं तं मीठ मागणार नाही, अळणी खाऊन उठन. दुसऱ्याच्या घरी तहान लागली तं पाणी मागणार नाही, घसा कोरडा करून बसून राहीन. रस्ता बी विचारत नाही. गावाहून पहिल्यांदा एकटी आली तेव्हा भिलाई-३ स्टेशनवर गाडीतून उतरली अन् उलट्या बाजूनं चालत चालत पार यार्डाच्या फाटकापर्यंत गेली. मग दुकानाच्या पाट्या वाचत दुपारी घरी पोचली. मी म्हटलं, "आई, कोणाले विचारून घेतलं असतं तं?" तं म्हणते कशी, "भिलाई काही पळून नव्हती चालली."

मी खुशबू रामटेके. जन्म भिलाईचा, माहेर कॅम्पातलं, म्हणजे कामगारायच्या वस्तीतलं, बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलले होते. शाळा हिंदीत झाली. मराठी मी दोनच ठिकाणी बोलते, घरी अन् भांडणात, म्हणून माझ्या मराठीत कोणी चुका काढू नये. बाजारात माझं च्वाइस सेंटर आहे, म्हणजे सरकारी अर्ज भरून द्यायचं दुकान. राशन कार्ड, पेन्शन, लग्न झालेल्या बायांच्या खात्यात सरकार दर महिन्याले पैसे टाकते ते, सगळं माझ्या कॉम्प्युटरमधून जाते. त्यामुळं चौकात कोण काय बोलते अन् घरात कोण काय घेते, दोन्ही मले माहीत असते. नवरा प्रेमानंद रेल्वे यार्डात ठेक्यावर आहे. स्वभावानं गरीब माणूस, अन् आईसमोर तं अजूनच गरीब.

आईचं नाव कांताबाई. साकोलीकडच्या एका लहान गावातली. तिच्या लहानपणी त्या गावात अशी रीत होती का महारवाड्यातल्या लोकायनं गावाची कामं करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, अन् त्याच्या बदल्यात संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार भाकर मागायची. आई आपल्या आजीच्या मागं मागं जाय. टोपलीचा एक कान आजीच्या हातात, एक हिच्या हातात. दीक्षा झाली, घरात बुद्धाचा फोटो लागला, तरी आजीची सवय सुटली नव्हती. एका संध्याकाळी आईचे वडील रामाजी कामाहून आले, म्हातारीच्या हातातून टोपली घेतली अन् चुलीत घातली. त्याच जाळावर त्या दिवशीचा भात शिजला. मग पोरीले जवळ घेऊन ते म्हणाले, आता या घरातला हात कोणाच्या दारात पुढं होणार नाही. आई तेव्हा इवलीशी होती. तिनं ते असं धरून ठेवलं का सत्तरीले टेकली तरी मूठ उघडली नाही.

मी बी काही कमी नाही. एकदा म्हटलं, "आई, बुद्ध बी तं भिक्षापात्र घेऊन निघत होते."

"ते राज्य सोडून निघाले होते," ती म्हणाली. "आमच्यापाशी सोडाले टोपलीशिवाय काय होतं?"

मले गप्प बसवणारे लोक या गावात जास्त नाहीत.

सासरे जाऊन लय वर्षं झाली. आई गावात एकटीच राहे. मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडली अन् पाय सुजला. शेजारीण कुडाच्या पलीकडे भांडे घासत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, पण आईनं हाक मारली नाही. हाक मारणं म्हणजे मागणं. सरपटत घरात गेली अन् तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी त्या बाईले चुलीचा धूर दिसला नाही, म्हणून ती स्वतः आत आली, नाहीतं काय झालं असतं याचा विचार बी नको. फोन आला तेव्हा प्रेमानंद जेवत होता. ताट तसंच टाकून गाडीत बसला.

आई आमच्याकडे राहाले आली ती दिवाळीनंतर, धानाची कापणी उरकून. सामानात दोन लुगडे, बाबासाहेबाचा फोटो अन् कपड्यात गुंडाळलेला इळा. गावात दर साल कापणीले लोक तिच्या दारी येतात अन् म्हणतात, "कांताबाई, चला." ती मागाले जात नाही, लोक बोलवाले येतात, याचा तिले भारी अभिमान. आल्या आल्या तिनं अट घातली. "काम भेटलं तं राहीन. बसून खाणार नाही. बसून खाणं म्हणजे बी मागणंच."

खोटं कावून बोलू, मले ती घरात पाहिजे होती. मले माय नाही, मी शाळेत होती तेव्हाच गेली. आई आल्यापासून सकाळी उठलं का अंगणातल्या चुलीवर माझ्या आंघोळीचं पाणी तापलेलं असे. माझ्या कामाच्या गप्पा ती तोंडाले पदर लावून हसत ऐके. प्रेमानंदाले मी रागावली तं माझीच बाजू घे. अशी सासू कोणाच्या नशिबात येते? अन् ती परत गेली, पुन्हा पडली, अन् पुन्हा हाक मारली नाही तं? रात्री डोळ्यासमोर तेच येई.

आता आमचे शेजारी नरेश साहू. भिलाईत कारखाना नव्हता तेव्हापासूनचं त्यांचं घराणं. गावाबाहेर शेती, बाजारात टेंट हाउस, अर्ध्या भिलाई-३ ची लग्नं त्यांच्याच खुर्च्यांवर लागतात. माणूस मनाचा चांगला, पण तोंडाले लगाम नाही. आमच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथं रोज सकाळी साहूजीचं भाषण चाले. बाहेरचे आले, मराठी आले, बिहारी आले, तेलुगू आले, अन् "सब्बो नौकरी बाहिर के मन ले गिन," म्हणजे सगळ्या नोकऱ्या बाहेरच्यायनं नेल्या. मग गाडी सरकारी पैशावर येई. फुकट देऊन देऊन लोक आळशी झाले, कामाले माणूस भेटत नाही. टीव्हीवर तेच, मोबाइलवर तेच, टपरीवर बी तेच. अन् गंमत अशी का बायांचे पैसे सुरू झाले तेव्हा आपल्या बायकोले, फुलबतीले, स्कूटरवर बसवून माझ्या दुकानात सगळ्यात पहिले आणणारे हेच. मी शटर बी उघडलं नव्हतं.

आई अंगण झाडता झाडता सगळं ऐके. फुकटाच्या गोष्टीत ती साहूजीच्या बाजूनं, बाहेरच्याच्या गोष्टीत त्याच्या विरोधात. म्हणून दोघायचं भांडण कधी संपतच नव्हतं. साहूजी छत्तीसगढीत बोले, आई आपल्या साकोलीच्या बोलीत, अन् दोघायले सगळं समजे.

"बाहेरचे आले म्हणतो, तं मंग हा एवढा कारखाना तुझ्या बापानं एकट्यानंच बांधला का?"

"जमीन तो हमर रहिस, काकी."

"जमीन तुमची, हात आमचे. मंग लोखंड कोणाचं?"

साहूजी चहाचा घोट घेई अन् निघून जाई. दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून येई.

घरात माझी तीच गत. माझ्या खात्यात सरकारी पैसे आले का आई विचारे, "आला का तुझा जोगवा?" मी म्हणे, हक्क आहे माझा. ती म्हणे, "हक्क होता तं मतं मागाची वेळ आली तेव्हाच कावून आठवला त्यायले?" मी म्हणे, "आई, बाबासाहेबानं आपल्याले जे देलं ते मागून देलं का लढून देलं? लढून भेटलेलं घ्याले लाज कसली?" यावर ती दोन दिवस विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू म्हणते ते बरोबर असन. पण माझा हात नाही उठत."

बरं, काम तं पाहिजे, पण मागणार नाही. आता काम न मागता काम भेटते का? आईची पद्धत अशी, जिथं काम चालू दिसलं तिथं जाऊन उभी राहायची अन् हात लावायची. एका शाळेच्या सैपाकघरात जाऊन तांदूळ निवडाले बसली. तिथल्या बचत गटाच्या बायायनं तिले चहा पाजला अन् हात धरून फाटकापर्यंत आणून सोडलं. मग चावडीवर जाऊ लागली. चावडी म्हणजे चौकातली ती जागा, जिथं सकाळी मजूर उभे राहातात अन् ठेकेदार येऊन माणसं निवडून नेतात. आजकाल तिथं बी.ए. झालेले पोट्टे बी उभे असतात, पाठीवर कॉलेजची बॅग घेऊन. त्यायच्यात ही सत्तरीची बाई, हातात इळा. ठेकेदार म्हणे, दादी, घर जाओ. एक दिवस तिथली एक बाई फटकन बोलली का पहिले इथल्याले काम भेटन, मग बाहेरच्याले. आई परत आली. साहूजीसंगं भांडणारी आई, पण त्या बाईले उलटून बोलली नाही. मले म्हणाली, "तिच्या पायात चप्पल बी नव्हती वं. तिच्यासंगं काय भांडू?"

असा मार्गशीर्ष गेला, पौष आला. पुनवेच्या आदल्या दिवशी आईनं पिशवी काढली अन् लुगडे घड्या करून ठेवू लागली. संक्रांतीले जाते म्हणाली. पुनवेच्या दुसऱ्याच दिवशी संक्रांत. प्रेमानंद बाहेर जाऊन उगाच गाडी पुसत बसला, ती सकाळीच पुसली होती. मी म्हटलं, "आई, राहा ना. मी ठेवून घेऊन राहिली ना तुमाले."

"तेच तं," ती म्हणाली. "तू ठेवून घेऊन राहिली. म्हणजे घेणारी मीच."

माझं तोंड असं कडू झालं का रात्री मी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी होती छेरछेरा. इथल्या लोकायले सांगाची गरज नाही, पण तिकडच्या मराठी वाचणाऱ्यासाठी सांगते. पौष पुनवेले धान खळ्यातून घरात आलेलं असते. त्या दिवशी लहान, मोठा, गरीब, मालदार, सगळे टोपली घेऊन दारोदार "छेरछेरा" म्हणत धान मागत फिरतात. ज्याच्या कोठ्या भरल्या तो बी मागते. दारात आलेल्याले त्या दिवशी नाही म्हणता येत नाही, अन् मागणारा त्या दिवशी लहान होत नाही. आमी कॅम्पातले पोट्टेसोट्टे तं त्या दिवसाची वाट पाहात राहू. मले हे इतकं अंगवळणी का आईले सांगावं असं डोक्यातच आलं नाही. सूर्य पूर्वेले निघते हे कोणी सून सासूले सांगते का?

सकाळी प्रेमानंद ड्यूटीवर गेला, मी दुकानात. पुढचं मले फुलबतीनं सांगितलं, साहूजीनं सांगितलं अन् आईनं बी सांगितलं. तिघायचं जुळते, म्हणजे खरंच असन.

आई अंगणातल्या चुलीवर पाणी तापवत होती. फाटक वाजलं. पाहाते तं साहूजी. कमरेले जुनं धोतर, हातात बांबूची टोपली, टोपलीत थोडं धान. बाजूले फुलबती. मागं वर्मा गुरुजी, पेन्शनीतले हेडमास्तर, गळ्यात मांदर, म्हणजे इथला ढोल, अडकवून. अन् मोहल्ल्यातले चार लोक अजून. साहूजीनं टोपली पुढं केली अन् मोठ्यानं म्हणाले, छेरछेरा, धान देव काकी.

आईच्या हातातली फुकणी खाली पडली. ती मले नंतर म्हणाली, "मले वाटलं, हा रोज ओरडत होता ते खरंच होतं. नोकऱ्या गेल्या, टेंटाचा धंदा बसला, लेकरं उपाशी असतील. माणूस उगाच ओरडते का? पोटात काही नसन म्हणून ओरडते. अन् मी मेली रोज त्याच्यासंगं भांडत होती." हेडमास्तरावर बी अशी पाळी आली, अन् बिचारा लाज झाकाले ढोल वाजवून राहिला, असं तिले वाटलं.

तिनं सगळ्यायले आत घेतलं. सतरंजी टाकली. साहूजीच्या हातातून टोपली अलगद काढून घेतली. त्यायले वाटलं, धान टाकाले नेऊन राहिली. आईनं टोपलीतलं धान सुपात ओतलं, एक दाणा सांडू दिला नाही, अन् टोपली नेऊन चुलीत घातली. बांबू वाळलेला. धडाड पेटला.

"ये का करत हव, काकी?" साहूजी उठून उभे राहिले.

आईनं त्यायच्या डोक्यावर हात ठेवला. केवढा उंच माणूस, टाचा वर करून ठेवला. म्हणाली, "बाबू, आता नाही मागाचं. आमच्या घरी बी अशीच टोपली होती. जाळली तेव्हाच सुटलो आमी. तू लाज धरू नको. माझ्यापाशी इळा आहे, तुझ्यापाशी हात आहेत. आपण दोघं मिळून काम पाहू. मी उद्या जाणार होती, पण तुले असं सोडून नाही जात. आधी बस. जेव."

अन् तिनं वाढलं. सकाळचा भात, लाखोळीची डाळ, वर कच्चा कांदा. साहूजी जेवले. मी विचारलं त्यायले नंतर, तुमी सांगितलं कावून नाही? तं म्हणाले, माझी माय गेल्यापासून डोक्यावर असा हात कोणी ठेवला नव्हता, तोंडातून शब्दच निघाला नाही. गुरुजी बी मांदर बाजूले ठेवून जेवले. फुलबतीनं मागच्या दाराशी जाऊन मले फोन लावला. "खुशबू, जल्दी आ. तोर सास ह हमर टुकनी ला बार दिस." तुझ्या सासूनं आमची टोपली जाळली.

मी स्कूटी काढून आली. पाहाते तं अर्ध्या गावाच्या खुर्च्यांचा मालक माझ्या घरात मांडी घालून डाळभात खाऊन राहिला अन् त्याचे डोळे वाहून राहिले. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवून राहिली. मले म्हणते, "हळू बोल. उपाशी आहेत बिचारे."

मी हसत हसत उंबऱ्यावरच बसली. माझं हसणं पाहून फुलबती हसली, मग गुरुजी, मग साहूजीले ठसका लागला. आई एकटी सगळ्याच्या तोंडाकडे पाहात होती. मग मी सगळं सांगितलं, पुनव, कोठ्या, टोपल्या, सगळं.

आईनं विचारलं, "म्हणजे याच्या घरी धान आहे?"

"तुमचं साकोली बसून खाईन इतकं आहे, आई."

"अन् तरी मागते? लाज नाही वाटत?"

साहूजीनं पाण्याचा गिलास खाली ठेवला. "सब मांगथे, त लाज काबर, काकी?" सगळेच मागतात तं लाज कावून? मग हिंदीत सांगू लागले का आज हे जे धान जमन त्याची खिचडी रांधतो, अन् सगळा मोहल्ला संग बसून खाते. आज मी तुझ्या दारी, तू माझ्या दारी.

आई सुपातल्या धानाकडे पाहात होती. मले वाटलं, आता ही रागावून आत जाईन अन् पिशवी उचलन. पण ती म्हणाली, "टोपली तं मी जाळली. आता धान कशात नेणार?"

फुलबती म्हणाली, राहू द्या, घरून दुसरी आणते.

"नाही. जाळली मी, तं नेईन बी मीच." अन् तिनं लुगड्याचा पदर कमरेले खोचून ओटी केली, सुपातलं धान त्यात ओतून घेतलं, अन् पायात चप्पल घातली.

मी शटर पाडाले दुकानातल्या पोट्ट्याले फोन केला अन् मागं निघाली. असा दिवस सोडून अर्ज कोण भरत बसन?

प्रत्येक दारात बाकीचे ओरडत, आई ओटी धरून नुसती उभी राही. ओठ घट्ट मिटलेले. लोक येत, तिच्या पदरात धान टाकत, कोणी पाया पडे. एका झोपडीवजा घरातून चावडीवरची ती बाई निघाली, पहिले इथल्याले म्हणणारी. दोघी एकमेकीकडे पाहात राहिल्या. बाई आत गेली अन् सूपभर धान घेऊन आली. सगळं ओटीत टाकलं. आईनं तिच्या पायाकडे पाह्यलं, आज चप्पल होती, अन् आईच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं मले दिसलं.

मग आलं साहूजीचं घर. फुलबती धावत आत गेली अन् मालकीण होऊन दारात उभी राहिली. साहूजीनं सगळ्यायले हातानं थांबवलं. कोणी ओरडलं नाही. आई दारात उभी, ओटी जड झालेली.

"छेरछेरा," आई म्हणाली. मले बी नीट ऐकू आलं नाही.

"जोर से, काकी," साहूजी म्हणाले. "सुनाई नहीं दिया."

"छेरछेरा म्हटलं ना, बहिऱ्या," आई अशी ओरडली का टपरीवरचा चहावाला बाहेर आला. मोहल्ला हसून हसून वाकला. आई बी हसत होती. वर्मा गुरुजीनं मांदर असा वाजवला का मी वराती पाह्यल्या पण असा ढोल नाही ऐकला. मले रडू येऊन राहिलं होतं अन् मी नाचून बी राहिली होती, दोन्ही संगंच.

शेवटचं घर आमचं. आता देणारी आई. तिनं ओटी साहूजीच्या धोतरात रिकामी केली, आत गेली अन् पायलीभर तांदूळ घेऊन दारात आली. सगळ्यायच्या पदरात मूठ मूठ टाकले. माझ्या डोक्यात तेव्हाच ते आलं. मी अंगणातलं रिकामं सूप उचललं, सगळ्यायच्या पुढं गेली अन् तिच्यासमोर धरलं.

"छेरछेरा, आई."

ती हसली अन् मूठभर तांदूळ टाकाले गेली. मी सूप मागं घेतलं. "तांदूळ नको."

"मंग काय पाहिजे?"

"तुमी राहा." माझा आवाज कापत होता, त्याचाच मले राग आला, म्हणून मोठ्यानं बोलली. "काम भेटो नाहीतं न भेटो. मी तुमाले ठेवून घेऊन नाही राहिली. मी मागून राहिली. आज कोणाले नाही म्हणता येत नाही, विचारा साहूजीले."

साहूजी मान हलवून म्हणाले, नहीं कह सकते काकी, नियम है.

"तू मागून राहिली?" आईनं विचारलं.

"हो. मी मागून राहिली. देणाऱ्या तुमी."

ती आत गेली. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. लय वेळ लागला तिले. मले वाटलं, गेली हातची. मग ती बाहेर आली अन् कपड्यात गुंडाळलेला इळा माझ्या सुपात ठेवला.

"घे," म्हणाली. "आता कापणीले गावी जाईन तरी कशानं?"

साहूजीनं वाकून कपडा बाजूले केला, पात्यावर अंगठा फिरवला. "काकी, महिनाभरानं माझी लाखोळी कापाले येते," ते हिंदीत म्हणाले. "चलव." म्हणजे, चला.

"मी बाहेरची आहे ना रे?"

"इसीलिए तो बोल रहा हूँ. इधर का कोई आता नहीं."

"पाह्यलं?" आई माझ्याकडे वळून म्हणाली. "त्यानंच बोलावलं. मी नाही मागितलं." मी म्हटलं, हो आई, तुमी कुठं मागता.

संध्याकाळी गल्लीत साहूजीचाच टेंट लागला, मोठ्या गंजात खिचडी रांधली. टोपली नव्हती म्हणून धान गिरणीवर कांडून पोत्यातून आलं, अन् जाळलेल्या टोपलीची गोष्ट सांगून सांगून साहूजीचा घसा बसला. वाद बी तिथंच सुरू झाला, बाहेरचे कोण अन् इथले कोण, फुकट काय अन् हक्क काय, अन् आई त्यात पहिल्या रांगेत. प्रेमानंद ड्यूटीवरून आला तं त्याले काही समजेच ना. मी त्याले म्हटलं, बस, जेव, आई कुठं जात नाही. तो माझ्याकडे असा पाहात राहिला का मलेच लाज वाटली.

आमी तिघं एका रांगेत बसलो. खिचडी वाढली होती फुलबतीनं, तिच्या हातची चव अशी का बोटं चाटावी. आईनं दोन घास खाल्ले. मग थांबली. प्रेमानंदाकडे पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं.

"खुशबू," ती म्हणाली, "मले जरासं मीठ दे वं."

प्रेमानंदाचा घास हातातच राहिला. मी उठली, डब्यातून चिमूटभर मीठ आणलं अन् तिच्या पानाच्या कडेले ठेवलं. खिचडीत मीठ बरोबरच होतं. मी चाखून पाह्यलं होतं.